उष्णतारोधक पुठ्ठा, नग सहा

९ जानेवारी

संस्थेतून पत्र आलं. जाड कागद, वर शिक्का. "पुनरावलोकन मंडळावर नागरिक सदस्य म्हणून आपली नेमणूक करण्यात येत आहे." दोनदा वाचलं, मग लेकीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, तुला? सातवी पास बाईला?" म्हटलं, सातवी पास नाही गं, नापास. कागदावर खोटं नको.

सभागृहाने गेल्या वर्षी कायदा केला, तो मी वर्तमानपत्रात वाचला होता. सरकारी पैशावर संशोधन करणाऱ्या प्रत्येक संस्थेत असं मंडळ हवं. चार शास्त्रज्ञ आणि एक साधा माणूस. ज्या कामाचा लोकांशी संबंध येतो ते काम पाचही जणांनी वाचून मंजूर करायचं. साधा माणूस म्हणून त्यांना मी सापडले. एकवीस वर्षं वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवते आहे. शिवता शिवता वाचते, हे संस्थेत ह्यांनीच सांगितलं असणार.

संचालक साहेब गेल्या वर्षी ह्यांना शेवटचं बघायला घरी आले होते. काही लागलं तर सांगा म्हणाले. मी एकच गोष्ट मागितली होती, की ह्यांचं दुखणं कामातून आलं असं संस्थेने लिहून द्यावं. तो कागद आला नाही. हा आला.

२२ जानेवारी

पहिली बैठक. तिसरा मजला. लिफ्ट फक्त सामानासाठी, असं त्यावर लिहिलंय. दोनदा थांबून चढले. वयाचं असेल, आणि इतकी वर्षं बसून शिवण्याचं.

लांब टेबल, प्रत्येकापुढे नावाची पाटी. माझ्या पाटीवर नाव नव्हतं, "नागरिक" होतं. म्हाताऱ्या माणसांचं रक्त घेऊन काही तपासायचं काम पुढे होतं. मी विचारलं, त्यांना त्यांच्या रक्तात काय सापडलं ते सांगणार का? चौघंही एकमेकांकडे बघायला लागले. मंडळाचे चिटणीस म्हणाले, "चांगला मुद्दा." मग चहा आला.

निघताना इतिवृत्त वाचलं. "चर्चेअंती एकमताने मंजूर." माझा प्रश्न नव्हता. चिटणिसांना विचारलं तर म्हणाले, "बाई, इतिवृत्तात निर्णय लिहितात, प्रश्न नाही."

"पण मी हो म्हटलंच नाही."

"नाही कुठे म्हटलंत? जो गप्प बसला त्याने हो म्हटलं, असंच धरायची पद्धत आहे. सगळीकडे."

पुढच्या वेळी नाही म्हणायला शिकायला हवं. आमच्या घरात ते काम ह्यांचं होतं.

११ फेब्रुवारी

शब्दकोश घेऊन बसते. एका प्रस्तावाला चार दिवस लागतात. समजतं तेव्हा फार बरं वाटतं, तेवढा वेळ घर रिकामं वाटत नाही. समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिते.

आज एका प्रस्तावात काचेच्या नळ्यांचं चित्र होतं. हे असते तर एका नजरेत सांगितलं असतं, ह्याचा सांधा टिकणार नाही. संस्थेची सगळी काच तीस वर्षं ह्यांनी ज्योतीवर फुंकून घडवली. गरम काच ठेवायला पांढरा पुठ्ठा असायचा, जळत नाही असा. हवा त्या मापाचा करवतीने कापायचे. घरी यायचे ते शर्टावर पीठ सांडल्यासारखे. मी गॅलरीत शर्ट झटकून मग धुवायची. खालच्या काकू ओरडायच्या, "अहो, वरून बर्फ पडतोय, सांगून तरी पाडत जा."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं. त्या पुठ्ठ्याचे तंतू केसाहूनही बारीक, श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच राहतात. वीस-तीस वर्षांनी फुप्फुसाच्या अस्तराला धरतात. मग त्यांनी मला विचारलं, "कपडे कोण धुवायचं?" मी म्हटलं, मीच, दुसरं कोण धुणार? तेही त्यांनी लिहून घेतलं. एवढ्या दुःखातही मला हसू आलं, की डॉक्टरला आमच्या धुण्याची काय पडलीय.

४ मार्च

ह्यांना जाऊन आज वर्ष झालं.

सकाळी संस्थेतले शिपाईमामा फाइल घेऊन आले. बैठक न घेता घरोघरी फिरवून सह्या घ्यायची पद्धत असते, तातडीचं असलं की. आत बोलावलं तर येईनात. गुडघा दुखतोय, अजून चार घरं आहेत, तुमचं घर वाटेत पहिलं म्हणून आलो, म्हणाले. जिथे पेन्सिलीची फुली होती तिथे मी सही केली. शाळांना विज्ञानाच्या पेट्या देण्याची योजना होती. चांगलं काम आहे. इतक्या दिवसांत न वाचता केलेली ही पहिली सही. आज अक्षरं दिसत नव्हती.

लेक संध्याकाळी आली. ती जेवून गेली.

१९ मार्च

वर्तमानपत्रात फोटो. सभागृहाच्या विज्ञान व शिक्षण समितीच्या अध्यक्षबाई एका मुलीच्या हातात पहिली विज्ञानपेटी देताना. ही योजना त्यांचीच. संस्थांमध्ये पडून असलेलं चांगलं सामान शाळांना द्यायचं, म्हणजे मुली पुस्तकातला प्रयोग हाताने करतील. दोनशे चौदा शाळा. अध्यक्षबाई त्या मुलीच्या उंचीला वाकल्या आहेत, मोठी माणसं सहसा वाकत नाहीत. फोटो कापून ठेवला. ह्यात आपली पण एक सही आहे, असं वाचनालयात दोघी-तिघींना सांगून टाकलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं.

२७ एप्रिल

लंबू भावोजी आले. हे नाव ह्यांनीच ठेवलेलं, दोघं एकाच कामशाळेत होते. कामशाळा बंद झाल्यापासून ते संस्थेच्या भांडारात बसतात.

"वहिनी, तुम्ही आता मोठ्या खुर्चीवर. आम्हाला ओळख द्याल ना?"

"पाटीवर नागरिक लिहिलंय भावोजी, महाराणी नाही."

हसले. पाणी प्यायले. मग ग्लास हातातच फिरवत बसले. म्हटलं, बोला.

"भांडार रिकामं झालं. कामशाळेचं होतं-नव्हतं सगळं गेलं. त्या शाळेच्या पेट्यांत."

"मग चांगलं झालं की."

"पुठ्ठापण गेला वहिनी. पांढरा. दीड खोली भरून होता. तो टाकून द्यायचा म्हणजे खास गाडी, खास खड्डा, दहा परवानग्या. पेट्यांत घातला की पंधरवड्यात खोली मोकळी." माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी चिटणिसांना विचारलं. ते म्हणाले, काळजी करू नका, काच फुंकणाऱ्याच्या बायकोचीच पहिली सही आहे."

मी काय बोलले ते आठवत नाही. भावोजी उठून गेल्यावर दार रात्रीपर्यंत उघडंच राहिलं.

२८ एप्रिल

संस्थेत गेले. फाइल मागितली. सदस्य आहे, दाखवावी लागली. पेटीतल्या वस्तूंची यादी, ओळ चौदा. उष्णतारोधक पुठ्ठा, नग सहा. सोबत मुलींसाठी पुस्तिका. प्रयोग नववा: पुठ्ठा बारीक दातांच्या करवतीने तिवईच्या मापाचा कापून घ्या. कडा कानशीने घासून गुळगुळीत करा.

ही ओळ मी वाचली असती तर मला कळली असती. शब्दकोश लागला नसता.

संचालक साहेब म्हणाले, "बाई, इतरही चार सह्या आहेत. त्यांतले दोन रसायनवाले."

"त्यांनी वाचलं होतं?"

फाइल मिटून म्हणाले, "खरं सांगू? तुमची सही वर होती. तुम्ही प्रत्येक ओळीवर प्रश्न काढता हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमची हरकत नाही म्हटल्यावर..."

म्हणजे चौघांनी माझ्या भरवशावर सही केली. आणि माझी झाली, कारण शिपाईमामांचा गुडघा दुखत होता आणि माझं घर वाटेत पहिलं होतं.

पेट्या परत मागवा म्हटलं. म्हणाले, पेट्या आता शाळांच्या, संस्थेच्या नाहीत. शिवाय थोडक्याने काही होत नाही, बाई. थोडकं म्हणजे किती, ते मी विचारलं. त्यांनी शिपायाला फाइल आत ठेवायला सांगितली.

घरी येऊन सभागृहाच्या समितीला पत्र लिहिलं. अध्यक्षबाईंना कळलं की त्या एका दिवसात पेट्या मागवतील. आपण दिलेल्या पेटीत काय आहे हे त्यांना कोण सांगणार, सांगणारे सगळे संस्थेचेच.

१४ मे

समितीचं बोलावणं आलं. संचालक, चिटणीस आणि मी. दोन जूनला साक्ष. पत्रात विषय असा: "नागरिक सदस्यांच्या मंजुरी प्रक्रियेतील त्रुटी." पुठ्ठ्याचं नाव नाही. कामकाजाची भाषा अशीच असते, असं लेक म्हणाली.

२३ मे

संचालक साहेब घरी आले. लेकही होती. त्यांनी बॅगेतून एक कागद काढून टेबलावर ठेवला, हात मात्र त्यावरच होता. मला ह्यांचं नाव वाचता आलं. खाली: सदर कर्मचाऱ्याचा आजार कामाच्या स्वरूपाशी संबंधित असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

"सही माझी बाकी आहे," म्हणाले. "दोन तारखेनंतर करतो. तुम्ही तिथे एवढंच सांगा, की तांत्रिक भाषा मला समजली नाही. कोण तुम्हाला बोल लावणार? खरंच सांगतो, तुमच्यावर काही येऊ देणार नाही."

मी चहा ठेवायला आत गेले. दम लागला म्हणून ओट्याला धरून उभी राहिले. लेक मागे आली. "आई, घे तो कागद. बाबांसाठी. एक वाक्य तर म्हणायचंय, तेही जवळजवळ खरं."

"जवळजवळ."

"तू वर्षभर ह्याच कागदासाठी रडलीस."

"समजलं नाही म्हटलं की विषय माझ्या डोक्यावर संपतो. पेट्या तिथेच राहतात."

"आणि नाही म्हटलंस तर काय पेट्या उडून येणारेत?" मग हळू आवाजात, "तू आधी छातीचा फोटो काढून घे. डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय."

ते साक्ष झाल्यावर बघू म्हटलं. बाहेर चहा दिला. साहेबांना सांगितलं, जे झालं तेच सांगेन. त्यांनी कागद बॅगेत ठेवला. चहा पूर्ण प्यायले. माणूस वाईट नाही. पण ह्यांचं नाव बॅगेत जाताना बघवलं नाही.

२ जून

साक्ष झाली. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

घोड्याच्या नालेसारखं टेबल, मधल्या मोकळ्या जागेत साक्षीदाराची खुर्ची. समोर माइक. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं असं आधीच बजावलं होतं. अध्यक्षबाई फोटोपेक्षा दमलेल्या दिसतात. "घाबरू नका ताई," म्हणाल्या. "प्रस्ताव तुम्हाला समजला होता का?"

"समजण्याचा प्रश्नच नाही. मी वाचलाच नाही."

एक सदस्य खुर्चीत सरसावून बसले. "बघा. म्हणजे कायद्याने वाचायला नेमलेली व्यक्ती वाचतच नाही."

"एकदाच नाही वाचला. तो हाच. त्या दिवशी माझे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. ह्याच पुठ्ठ्याने गेले."

संचालक म्हणाले, तसा कुठलाही दाखला संस्थेकडे नाही. हे खरंच आहे. दाखला त्यांच्या बॅगेत आहे, त्यावर सही नाही.

मी म्हटलं, "माझी चूक लिहून घ्या. चौघांची पण घ्या, की घेऊ नका, तुमची मर्जी. पण पेट्या आज परत मागवा. शाळा उघडल्या की मुली तो कापणार आहेत."

अध्यक्षबाई कागदांकडे बघत म्हणाल्या, "ताई, समिती फक्त मंजुरीची प्रक्रिया तपासते आहे. पेट्यांचा विषय आमच्या कक्षेत नाही."

"मग कोणाच्या?"

"शिक्षण खात्याच्या."

"त्यांना कोणी सांगायचं?"

"आमच्या अहवालातून जाईल."

"अहवाल कधी?"

मघाचे सदस्य म्हणाले, "बाई, साक्ष कोण घेतंय, तुम्ही की आम्ही?" सगळे हसले. मला खोकला आला, थांबेना. अध्यक्षबाईंनी स्वतःच्या पुढ्यातलं पाणी पाठवलं.

नंतर बाहेर येऊन त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुमच्यासारख्या प्रामाणिक बायका फार कमी," म्हणाल्या. हात चांगला गरम होता. आता काहीतरी होईल असं वाटतंय.

२० जून

परवा अहवाल आला. बावन्न पानं. दोन दिवस वाचला, एकही ओळ न सोडता.

माझ्यावर एक परिच्छेद आहे. "सदर सदस्येने निष्काळजीपणा कबूल केला आहे." चौघा शास्त्रज्ञांनी "प्रचलित पद्धतीनुसार" सही केली आहे. शिफारस अशी, की विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेले नागरिक सदस्य नेमण्याची तरतूद रद्द करावी. चोर सोडून संन्याशाला सुळी. पण मी संन्यासी तरी कुठे, सही माझीच आहे.

पेट्यांवर शेवटून दुसऱ्या पानात चार ओळी. योजनेला उत्तम प्रतिसाद, आणखी चारशे शाळांत न्यावी. अनुक्रमांक चौदाची वस्तू पुढील खरेदीच्या वेळी बदलण्याचा विचार व्हावा.

खाली अध्यक्षबाईंची सही. मला वाटतं त्यांनी हे वाचलंच नसणार. त्यांच्याही दारात फाइल घेऊन कोणीतरी उभं असेल.

शिक्षण खात्यात फोन केला. अहवाल अजून आमच्याकडे आला नाही म्हणाले.

२६ जून

शाळांची यादी माझ्याकडे आहे, सदस्य म्हणून मिळालेली. लंबू भावोजींना म्हटलं, तुमची स्कूटर चालते का. ते म्हणाले, वहिनी, मी चालतो तोवर ती चालते.

त्यांनी शिकवलं: पुठ्ठा आधी ओला करायचा, मोडायचा नाही, दोन जाड पिशव्यांत घालायचा, तोंड घट्ट बांधायचं. पिशव्या ते भांडाराच्या मागच्या बंद खोलीत ठेवणार. पकडले गेले तर पकडले गेले, निवृत्तीला चार महिने राहिलेत.

२९ जून

पहिली शाळा. मुख्याध्यापक म्हणाले, खात्याचं पत्र? नाही म्हटलं. मग सरकारी मालमत्ता कशी देऊ? त्यांचंही बरोबर. विज्ञानाचे सर बाहेरपर्यंत सोडायला आले. तरुण, उत्साही. "आमचा नववा प्रयोग झालासुद्धा. तिन्ही तुकड्यांचा. मुलींनी इतक्या छान कडा घासल्यात, दाखवू का?" वर्ग कोणी झाडला विचारलं. मुलींनीच, आमच्याकडे स्वावलंबन आहे, म्हणाले.

त्यांना सगळं सांगितलं. ते तिथेच पायरीवर बसले. मग आत गेले, आणि पाच मिनिटांनी सहाही पुठ्ठे ओल्या फडक्यात गुंडाळून कुंपणावरून दिले. हातावरचा चुरा पुसत म्हणाले, "माझं नाव नका घेऊ."

फडक्यासकट दोन पिशव्यांत घट्ट बांधलं. पुठ्ठा आणला. पण तीन तुकड्यांतल्या मुलींनी श्वासात घेतलं ते कुठल्या पिशवीत भरू?

७ जुलै

आठवी शाळा. गावाबाहेर, पत्र्याचं छप्पर, फक्त मुलींची. पेटी मुख्याध्यापिकेच्या खोलीत कपाटावर होती. वरचं सील तसंच.

"उघडणार कोण?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "विज्ञानाच्या बाई जाऊन चार वर्षं झाली. जागा भरत नाहीत. भाषेच्या बाई धडा वाचून दाखवतात."

मला इतका आनंद झाला की खुर्चीत बसावं लागलं. चार वर्षं शिक्षिका नाही, आणि मी हसत होते. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मला माझीच लाज वाटली.

मधल्या सुट्टीत मुली दारात जमल्या. पेटी खाली काढताना त्यांच्यातली एक पुढे आली. दर आठवड्याला पेटीवरची धूळ पुसायची पाळी असते, आज तिची होती. "पेटी नेणार?" तिने विचारलं. नाही म्हटलं, त्यातली एकच वस्तू नेणार. सगळ्यांना लांब मैदानात उभं केलं. मग सील फोडलं, पुठ्ठे ओले करून पिशव्यांत बांधले, आतली बाकी प्रत्येक वस्तू ओल्या फडक्याने पुसली. खोली पुसून घेतली. मगच मुलींना आत घेतलं. काचेची भांडी, नळ्या, स्पिरिटचा दिवा, तिवई. कोणी हात लावेना, फक्त बघत होत्या.

ती पाळीवाली म्हणाली, "उघडलीच आहे तर एकदा करून दाखवा ना. काहीही."

"मला येत नाही गं."

"मग तुम्ही संस्थेच्या कशा?"

मी हातातलं फडकं पिळून घेतलं. घंटा झाली, तशा त्या गेल्या. आता धडा वाचून घ्यायचा तास होता.

यादीत दोनशे सहा शाळा उरल्या. गाडीवर बसल्यापासून माझ्या मनात एकच चाललंय, त्यांतल्या जास्तीत जास्त ठिकाणी शिकवायला कोणी नसावं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. हे असते तर त्यांनाही सांगितलं नसतं.

भावोजी म्हणाले, उद्याच्या शाळेत विज्ञानाच्या बाई आहेत. फार मन लावून शिकवतात म्हणे.